पॉइंट न करता मॅच फिरवणारा माणूस: 'बीस्ट' म्तावारिरा आणि प्रॉपचं काम

दक्षिण आफ्रिकेची रग्बी मॅच पहिल्यांदा बघणाऱ्याचा एक गैरसमज हमखास व्हायचा. एक दणकट गडी बॉल हातात घेतो आणि अख्खं स्टेडियम घसा ताणून ऊऽऽऽ असं काहीतरी ओरडायला लागतं, आपल्याला वाटतं अरे, स्वतःच्याच प्लेयरची हुर्यो काय उडवतायत? तर ते "बीऽऽऽस्ट" ओरडत असायचे. शाळेपासून चिकटलेलं टोपणनाव. खरं नाव तेंदाई म्तावारिरा, जन्म १९८५ चा, झिम्बाब्वेतल्या हरारेचा, आणि दक्षिण आफ्रिकेकडून ११७ टेस्ट (रग्बीत टेस्ट म्हणजे दोन देशांमधली मॅच) खेळून २०१९ चा वर्ल्ड कप जिंकून निवृत्त झालेला.

आता गंमत बघा, एवढ्या ११७ टेस्टमध्ये त्याने केलेले ट्राय हाताच्या बोटांवर मोजता येतील. किक मारणं हे त्याचं कामच नव्हतं. म्हणजे नुसता स्कोअरकार्ड बघितला तर हा माणूस तिथे नव्हताच असं वाटेल. आणि तरी त्याच्याच नावाने स्टेडियम दणाणतं, का? कारण तो प्रॉप होता, म्हणजे पहिल्या रांगेत उभं राहून समोरच्यांना रेटणारा, आणि प्रॉप चांगला की वाईट हे त्याच्याकडे बघून कळतच नाही, त्याच्या समोरच्याकडे बघून कळतं. हे एकदा डोक्यात बसलं की रग्बी बघायची मजा बदलते, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आपल्याकडे हे माहीत नसणं साहजिक आहे म्हणा. बॉम्बे जिमखान्यावर रग्बी फार जुनी आहे, पण बाकीच्यांच्या नजरेस पडते ती बहुतेक वेळा सात-सात जणांची छोटी रग्बी, २०२५ मध्ये अंधेरीच्या स्टेडियममध्ये लीग झाली तीही तीच. त्यात स्क्रमला, म्हणजे डोकी भिडवून रेटारेटी होते त्याला, दोन्हीकडून तीन-तीनच जण असतात आणि क्षणात सगळं आटोपतं. पळापळ भरपूर, बघायला भारी, पण प्रॉप नावाचं प्रकरण त्यात समजत नाही. ते समजायला पंधरा-पंधरा जणांची मोठी रग्बी लागते.

तर मोठ्या रग्बीत एका टीममध्ये पंधरा जण. नंबर ठरलेले असतात आणि नंबरावरून काम कळतं. १ ते ८ म्हणजे फॉरवर्ड्स, वजनदार मंडळी, आणि ९ ते १५ म्हणजे बॅक्स, पळणारी मंडळी. बॉल रेषेपलीकडे नेऊन टेकवला की ट्राय, त्याचे ५ पॉइंट, वर कन्व्हर्जनची किक बसली तर २ अजून, आणि समोरच्याने फाउल केला की पेनल्टी, ती थेट पोस्टमधून मारली तर ३. हा ३ चा आकडा लक्षात ठेवा, प्रॉपची अख्खी किंमत त्याच्यात दडलीय.

कुणाच्या हातून बॉल पुढे पडला किंवा कुणी पुढे पास दिला, असल्या किरकोळ चुकीनंतर खेळ परत सुरू करायला स्क्रम होतो. दोन्हीकडचे आठ-आठ फॉरवर्ड एकमेकांना धरून, डोकी खाली घालून समोरासमोर अडकतात, मधल्या फटीत बॉल सोडला जातो आणि दोन्ही बाजू रेटतात. पहिल्या रांगेत तिघं. मधला २ नंबर म्हणजे हुकर, तो पायाने बॉल मागे ओढतो. त्याच्या दोन्ही बाजूंना प्रॉप, डावीकडे १ नंबर आणि उजवीकडे ३ नंबर. मागच्या पाच जणांचा रेटा या तिघांच्या पाठीतून पुढे जातो आणि समोरच्या आठ जणांचा रेटा याच तिघांच्या खांद्यावर येतो. मोठ्या लेव्हलला एका बाजूच्या आठांचं वजन मिळून ९०० किलोच्या आसपास जातं. मधे सापडतात त्या या लोकांच्या माना.

१ आणि ३ दोघांनाही प्रॉपच म्हणतात, पण कामं वेगळी आहेत. ३ नंबरचं डोकं समोरच्या दोघांच्या मधे अडकतं, म्हणून तो टाइटहेड, त्याच्या दोन्ही खांद्यांवर भार असतो आणि पहिली अपेक्षा एवढीच की त्याने जागा सोडू नये. १ नंबरच्या डोक्याची डावी बाजू मोकळी असते, म्हणून लूजहेड, त्याच्यावर एकाच खांद्याचा भार, आणि त्यामुळे त्याला समोरच्या ३ नंबरला त्रास द्यायची थोडी मुभा मिळते. बीस्ट लूजहेड. म्हणजे जगभरातले टाइटहेड हे त्याचं गिऱ्हाईक.

हा त्रास नेमका कसा देतात ते जरा जवळून बघूया. रेफरी आधी म्हणतो क्राउच, सगळे गुडघ्यात वाकतात. मग बाइंड, तेव्हा प्रॉप हात पुढे करून समोरच्याची जर्सी पकडतो, लूजहेडचा डावा हात टाइटहेडच्या उजव्या हाताच्या आतून जातो. मग सेट, आणि दोन्ही बाजू भिडतात. हा आत्ताचा क्रम २०१३ पासूनचा, त्याआधी बाइंड न करता लांबून धाडकन भिडायचे आणि पहिल्या धडकेतच निम्मा निकाल लागायचा. भिडल्यावर लूजहेडचा प्रयत्न असतो की आपला खांदा समोरच्याच्या छातीखाली न्यायचा, पाठ सरळ ठेवायची, कंबर खांद्याच्या वर जाऊ द्यायची नाही, पाय मागे पण फार मागे नाहीत, आणि तिथून वरच्या दिशेने दाब द्यायचा. समोरच्याची पाठ एकदा वाकली की खेळ संपला, कारण वाकलेल्या पाठीतून मागच्या पाच जणांची ताकद पुढे जातच नाही, त्यांनी कितीही जोर लावला तरी तो आपल्याच माणसाला वर ढकलण्यात जातो. मग त्या टाइटहेडपुढे तीनच रस्ते उरतात, उभं राहायचं, खाली कोसळायचं किंवा मागे सरकायचं. पहिल्या दोन्हींना पेनल्टी आहे. म्हणजे ३ पॉइंट, नाहीतर लांब किक मारून पन्नासेक मीटर फुकट. लूजहेडच्या नावापुढे मात्र काहीच लिहिलं जात नाही, पॉइंट किकरच्या खात्यात.

यात लबाडीही भरपूर चालते. सरळ रेटायचा नियम आहे पण लूजहेड हळूच तिरका आत घुसतो, टाइटहेड कोपर खाली ओढून समोरच्यालाच पाडतो आणि वर रेफरीकडे निष्पाप चेहरा करून बघतो. कुणी कुणाला पाडलं हे स्लो मोशनमध्ये बघूनही माजी प्रॉप्सचंच एकमत होत नाही. माझं स्पष्ट मत आहे की स्क्रमच्या निम्म्या पेनल्ट्या रेफरी अंदाजाने देतात. म्हणूनच प्रॉपला ताकदीइतकीच रेफरीची नजर ओळखायची अक्कल लागते.

आणि ही अक्कल वयाबरोबरच येते. बॅकला खेळणारा पोरगा एकोणिसाव्या वर्षी स्टार होऊ शकतो, प्रॉप साधारण सत्ताविशीच्या पुढे पिकतो आणि मग पस्तिशीपर्यंत चालतो. इंग्लंडचा जेसन लेनर्ड घ्या. पेशाने सुतार. १९९० मध्ये पहिली टेस्ट खेळला तेव्हा रग्बी युनियन हौशी खेळ होता, पैसे १९९५ मध्ये अधिकृत झाले. १९९२ मध्ये त्याच्या मानेची चकती फाटली, कमरेचं हाड काढून मानेत बसवलं, आणि हा बाबा परत येऊन २००४ पर्यंत खेळला, इंग्लंडकडून ११४ टेस्ट. २००३ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये सिडनीला इंग्लंडचा स्क्रम ऑस्ट्रेलियापेक्षा तगडा असूनही रेफरी सारख्या त्यांच्याचविरुद्ध पेनल्ट्या देत होता, त्यातूनच स्कोअर बरोबरीत आला, तेव्हा एक्स्ट्रा टाइमला फिल व्हिकरी नावाच्या तरण्या प्रॉपला बाहेर काढून पस्तीस वर्षांच्या लेनर्डला आणलं. त्याने काही पराक्रम केला नाही, फक्त रेफरीला शिट्टी वाजवायला कारण दिलं नाही. बस. इंग्लंड २०-१७ जिंकलं. फिल व्हिकरी हे नाव धरून ठेवा, पुढे येतंय.

तर बीस्ट. झिम्बाब्वेत शाळेत खेळून तो डर्बनला शार्क्स या तिथल्या टीमच्या अकॅडमीत आला तेव्हा तो प्रॉप नव्हताच मुळी, मागच्या रांगेत खेळायचा, पळायचा, टॅकल करायचा, बॉल घेऊन घुसायचा. शार्क्सचा कोच डिक म्युअर याने त्याचा आकार बघून त्याला पुढच्या रांगेत ढकललं. हे प्रमोशन वाटतं का तुम्हाला? जो पोरगा मोकळ्या मैदानात बॉल घेऊन धावत होता त्याला सांगायचं की आता डोकं स्क्रममध्ये घाल आणि तिथेच थांब. सुरुवातीला नव्या प्रॉपला सगळे अनुभवी टाइटहेड धुऊन काढतात, मान आखडते, रात्री कूस बदलता येत नाही, कान चेमटून आपल्या कोल्हापूरच्या पैलवानांसारखे होतात. पण त्या जुन्या जागेचा त्याला फायदाही झाला, स्क्रम संपल्यावर बाकीचे प्रॉप धापा टाकत उभे असायचे तेव्हा हा बॉल मागायला हजर असायचा, आणि म्हणून तर ती बीऽऽऽस्टची आरोळी ऐकायला यायची.

२००६ ला शार्क्सकडून सुरुवात, जून २००८ ला वेल्सविरुद्ध पहिली टेस्ट, वय बावीस. प्रॉपच्या हिशोबात हे दुधाचे दात.

आणि मग २० जून २००९. डर्बन, त्याचंच घरचं मैदान, समोर ब्रिटिश अँड आयरिश लायन्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड एरवी एकमेकांशी भांडतात पण चार वर्षांतून एकदा चौघांची मिळून एक टीम दौऱ्यावर जाते, दक्षिण आफ्रिकेच्या वाट्याला ती बारा वर्षांनी एकदा येते. म्हणजे बहुतेक प्लेयरना जन्मात एकच चान्स. आणि बीस्टच्या समोर लायन्सचा ३ नंबर कोण, तर तोच फिल व्हिकरी. वर्ल्ड कप जिंकलेला, इंग्लंडचा माजी कॅप्टन, वय तेहेतीस. बीस्ट तेवीस वर्षांचा, टेस्ट खेळायला लागून जेमतेम वर्ष झालेलं.

जे झालं ते बघवत नव्हतं. व्हिकरी उंच, आणि बीस्ट पहिल्यापासून त्याच्या छातीखाली शिरला. स्क्रम झाला की व्हिकरीची पाठ वाकायची, तो उचलला जायचा, शिट्टी, पेनल्टी. परत स्क्रम, परत तेच. लायन्सवाल्यांचं म्हणणं की हा तिरका घुसतोय, आणि खरं सांगायचं तर काही स्क्रममध्ये त्यांच्या म्हणण्यात तथ्य दिसतं, पण रेफरीला तसं वाटलं नाही आणि स्क्रममध्ये शेवटी रेफरीला काय वाटतं तेच खरं. दुसरा हाफ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात व्हिकरीला बाहेर घेतलं, त्याच्या जागी वेल्सचा ॲडम जोन्स आला आणि लायन्सचा स्क्रम सावरला. मॅच दक्षिण आफ्रिका २६-२१ ने जिंकली, पाच पॉइंटचा फरक. आता तीन-तीन पॉइंटच्या पेनल्ट्यांचा हिशोब तुम्हीच करा. एकही पॉइंट न करता बीस्ट मॅन ऑफ द मॅच.

पण गोष्टीचा दुसरा भाग फार कुणी सांगत नाही. दोन आठवड्यांनी जोहान्सबर्गला तिसऱ्या टेस्टमध्ये व्हिकरी परत आला, समोर परत बीस्ट, आणि यावेळी लायन्स २८-९ जिंकले, स्क्रममध्ये व्हिकरीने पाय रोवले ते रोवलेच. सिरीज हातची गेली होती तरी. मला विचाराल तर त्या दौऱ्यातली सगळ्यात मोठी कामगिरी ती होती, सगळ्या जगासमोर असं झाल्यावर पंधरा दिवसांत त्याच माणसासमोर डोकं घालायला जिगर लागते. डर्बनमध्ये बीस्ट काही एकदम राक्षस झाला नव्हता आणि व्हिकरी काही एकदम म्हातारा झाला नव्हता, उंची, अँगल, रेफरी, मागून रेटणारा लॉक (दुसऱ्या रांगेतला गडी) कोण, यातलं एक इकडचं तिकडे झालं की निकाल उलटतो.

त्यानंतर बीस्टच्या मागे वेगळंच शुक्लकाष्ठ लागलं. इंटरनॅशनल नियमाप्रमाणे तेव्हा तीन वर्षं राहिलेला माणूस त्या देशाकडून खेळू शकत होता, पण दक्षिण आफ्रिकेच्या सरकारचं म्हणणं पडलं की नॅशनल टीममध्ये नागरिकच पाहिजे, आणि याच्याकडे पासपोर्ट झिम्बाब्वेचा. लायन्सला हरवेपर्यंत हा प्रश्न कुणाला पडला नव्हता हे विशेष. २०१० मध्ये नागरिकत्व मिळालं आणि तो विषय मिटला. मग हृदयाने त्रास दिला, ठोके मधेच वेडेवाकडे पडायला लागले, २०१२ मध्ये त्यापायी टीमबाहेर राहावं लागलं, उपचार घेऊन परत आला.

वर्ल्ड कप तीन खेळला. २०११ ला क्वार्टर फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाकडून ११-९ असा पराभव. २०१५ ला ब्रायटनमध्ये जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ हरवलं, वर्ल्ड कपच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या धक्क्यांपैकी एक, आणि त्या मॅचला बीस्ट टीममध्ये होता. २०१८ मध्ये ब्लूमफाँटेनला इंग्लंडविरुद्ध शंभरावी टेस्ट, तिथवर पोचलेला तो सहावा स्प्रिंगबॉक (दक्षिण आफ्रिकेच्या टीमच्या प्लेयरना असंच म्हणतात), आणि त्या यादीत प्रॉप म्हणून पहिला. २०१९ च्या क्वार्टर फायनलला परत जपान, त्यांच्याच घरी टोकियोत, आणि दहाव्या मिनिटाला याने जपानचा प्रॉप इनागाकीला उचलून आडवा आपटला, यलो कार्ड, दहा मिनिटं बाहेर. रेड मिळालं असतं तर सेमी आणि फायनल दोन्ही हुकू शकल्या असत्या. अनेकांच्या मते ते रेडच होतं, माझ्याही मते. पण वाचला, टीम २६-३ जिंकली.

आणि २ नोव्हेंबर २०१९, योकोहामा, फायनल, समोर इंग्लंड. तिसऱ्याच मिनिटाला इंग्लंडचा टाइटहेड कायल सिंकलर आपल्याच साथीदाराच्या कोपरावर आपटून बेशुद्ध पडला आणि बाहेर गेला. इथे एक नियम समजून घ्यायला लागतो. पहिल्या रांगेत कुणालाही उभं करता येत नाही, ट्रेनिंग नसलेला माणूस तिथे घातला तर मान मोडू शकते, म्हणून तेवीस जणांच्या टीममध्ये पहिल्या रांगेचे सहा स्पेशालिस्ट लागतात, तीन सुरुवातीचे आणि तीन बेंचवरचे. बेंचवर टाइटहेड एकच. म्हणजे डॅन कोल, जो वीसेक मिनिटं ताजेतवाने होऊन खेळायचा होता, त्याच्या गळ्यात सत्याहत्तर मिनिटं पडली, आणि समोर कोण, तर ११७ वी टेस्ट खेळणारा बीस्ट.

कोल काही कच्चा नव्हता, त्याच्याकडेही नव्वदच्या वर टेस्ट होत्या. पण स्क्रम होत गेले आणि तो मागे सरकत गेला, कधी वर उचलला गेला, आणि प्रत्येक पेनल्टीला हँड्रे पोलार्ड शांतपणे येऊन किक मारायचा. हाफ टाइमला १२-६, सगळेच्या सगळे पॉइंट पेनल्टीचे. दुसऱ्या हाफला पाचेक मिनिटांत बीस्टला बाहेर बोलावलं आणि स्टीव्हन किट्सॉफ आला, तोही तितकाच दांडगा. कोच रॅसी इरॅस्मसची हीच आयडिया होती, बेंचवरच्या आठांपैकी सहा फॉरवर्ड ठेवायचे आणि दमलेल्या कोलसमोर ताजा माणूस सोडायचा, त्या सहा जणांना बॉम्ब स्क्वॉड म्हणायचे. शेवटी मापिम्पी आणि कोल्बीचे दोन ट्राय झाले, ३२-१२, हायलाइट्समध्ये तेच दाखवतात. पण ते ट्राय छासष्टाव्या मिनिटानंतरचे आहेत. तोपर्यंत इंग्लंडचे फॉरवर्ड तासभर रिव्हर्स गिअरमध्ये होते.

(२०२३ च्या सेमी फायनलमध्ये या दोन टीमचीच पुन्हा गाठ पडली, शेवटच्या काही मिनिटांत स्क्रमची पेनल्टी, पोलार्डची लांबलचक किक, १६-१५. ती पेनल्टी काढणारा लूजहेड ऑक्स न्चे, तोही शार्क्सचाच.)

त्या फायनलनंतर त्याच आठवड्यात बीस्टने इंटरनॅशनल रग्बीतून निवृत्ती जाहीर केली. चौतीस वर्षांचा. वर्ल्ड कप हातात असताना थांबणं जमलं ही नशिबाची बाब, कारण बहुतेक प्रॉपना थांबवतं ते शरीर. व्हिकरी २०१० मध्ये मानेच्या दुखण्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबला, आणि पुढच्याच वर्षी टीव्हीवर सेलिब्रिटी मास्टरशेफ जिंकून मोकळा झाला, हे मला भयंकर आवडलेलं आहे. सगळ्यांचं असं होत नाही. २००३ च्या त्या इंग्लंड टीमचा हुकर स्टीव्ह थॉम्पसन, व्हिकरीच्या खांद्याला खांदा लावून खेळलेला, त्याने २०२० मध्ये सांगितलं की त्याला बेचाळिसाव्या वर्षी डिमेन्शियाचं निदान झालंय आणि आपण वर्ल्ड कप जिंकला तेच त्याला आठवत नाही. त्यानंतर कितीतरी माजी प्लेयर रग्बीच्या संघटनांविरुद्ध कोर्टात गेले, म्हणणं असं की डोक्याला सारखा मार बसण्याचा धोका संघटनांना माहीत असायला हवा होता आणि आम्हाला वाचवायला हवं होतं. यात मॅचमधल्या मोठ्या धडकांपेक्षा आठवडाभराच्या प्रॅक्टिसमधले छोटे छोटे मार जास्त चर्चेत आहेत, आणि पुढच्या रांगेतल्या माणसाला ते किती बसत असतील याचा अंदाज वरचा स्क्रम वाचून आलाच असेल.

बीस्ट मात्र लगेच घरी बसला नाही. २०२० ला अमेरिकेत वॉशिंग्टनच्या ओल्ड ग्लोरी डीसी टीमकडून खेळायला गेला, तिथली लीग नवीन, पब्लिक नवीन, आणि तिथेही लोकांनी बीऽऽऽस्ट शिकून घेतलं. तेवढ्यात कोविड आला, सीझन अर्ध्यावर गुंडाळला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने बूट कायमचे काढून ठेवले. आता गरीब घरातल्या पोरांसाठी त्याची संस्था आहे, ते काम करतो.

त्याची फायनल यूट्यूबवर बघणार असाल तर एक करा, स्क्रम आला की बॉल विसरून जा. हिरव्या जर्सीकडे नाही, पांढऱ्या जर्सीतल्या टाइटहेडकडे, म्हणजे डॅन कोलकडे बघा, त्याचे पाय आणि कंबर. पाय मातीत सरकायला लागले किंवा कंबर वर आली की शिट्टीची वाट बघायची, दोन सेकंदांत वाजते.